पेन्सिलची तारीख

"ही कुलकर्णी-देशपांडे पार्टी कुठली?" मुकुंदनं विचारलं.

तो कार्यालयाच्या टेबलापाशी उभा होता. बोट डायरीतल्या सोमवार, पंचवीस ऑक्टोबरवर ठेवलेलं आणि नजर मला सोडून सगळीकडे. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. हात रिकामे राहिले की त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे.

"आहे एक," मी म्हटलं. "ओळखीतली."

"तुझ्या?"

"तुमच्या. माझी आपली अलीकडची ओळख."

त्यानं पान उलटलं, परत मागे आणलं. "कार्य कुठलं ते लिहिलं नाहीस."

"ठरायचंय."

"पण पेन्सिलच आहे ना अजून?"

"नारळ आला नाही, म्हणजे पेन्सिलच."

त्यानं डायरी मिटली, टेबलाच्या कडेला नीट लावून ठेवली आणि मंडपवाल्याला फोन करायचाय असं पुटपुटत बाहेर गेला. फोन टेबलावरच राहिला होता.

यात फोन विसरण्यासारखं काय होतं ते सांगायला हवं. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करत असे. आता बारा वर्षांनी सांगताना नावानं आणि एकेरीत सांगते आहे. तेवढी मुभा मी घेतली आहे.

साताऱ्यात आमचं मंगल कार्यालय. उंब्रजकर कार्यालय म्हणून सासऱ्यांनी उभारलेलं, आणि जाण्याआधी का कोण जाणे, माझ्या नावावर केलेलं. आचारी, मंडप, बँडवाले हे बाहेरचं सगळं मुकुंद बघायचा आणि तारखांची डायरी माझ्याकडे असायची. डायरीचा नियम सासऱ्यांचा. कुणी तारीख विचारून गेलं की त्यांचं नाव पेन्सिलनं लिहायचं. मग ती मंडळी घरी जाऊन पत्रिका बघणार, मानपानावरून रुसणार, समजूत काढणार. सगळं जुळलं की नारळ घेऊन यायचं. तो नारळ ऑफिसातल्या देवापुढे ठेवला की मी पेन्सिलवरून शाई फिरवायची. शाई फिरली की तारीख पक्की, मग कुणी कितीही मोठा माणूस आला तरी ती हलत नसे.

नारळाच्या बाबतीत सासरे भलते काटेकोर होते. माझं लग्न नवं असताना एका आचाऱ्यानं ऐन पंगतीत आंबलेलं श्रीखंड वाढलं. सासरे म्हणाले, याला नारळ द्या. आम्हाला वाटलं बोलण्याची रीत आहे, पण त्यांनी खरोखर बाजारातून नारळ आणवला आणि त्या आचाऱ्याच्या हातावर ठेवला. तो बिचारा नारळ घेऊन बाहेर पडला तेव्हा तानूबाई पायऱ्या धूत होती. आमच्याकडे झाडलोटीला ती नुकतीच लागली होती. तिनं त्याच्या हाताकडे बघितलं, बादली बाजूला सारली आणि म्हणाली, "पायरी वली हाय, दादा. बेतानं उतरा." एका शब्दानं कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं आम्ही या गोष्टीवर हसलो, मुकुंद तर सगळ्यात जास्त.

आणि कुलकर्णी-देशपांडे अशी पार्टीच नव्हती. ती मुकुंदनं जन्माला घातली होती.

हे मला कळलं सर्वपित्री अमावस्येला, म्हणजे डायरीवरून तो प्रश्न विचारला गेला त्याच्या तेरा दिवस आधी. सकाळी एका मंडळाचा फोन आला, दुपारी तासभर सभेसाठी जागा मिळेल का म्हणून. मी डायरी उघडली. मुकुंदच्या अक्षरात लिहिलं होतं, कुलकर्णी-देशपांडे, साखरपुडा. मी म्हटलं, माफ करा, आज भरलंय. फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सर्वपित्रीला साखरपुडा? पितृपक्षात लोक नवी चप्पल घेत नाहीत, आणि हे मुलगी देऊन बसले? मला आधी हसूच आलं. वाटलं, हा वेंधळा तारीख चुकला. मग मागची पानं चाळली. मुहूर्त नसलेले महिने मी कधी उघडून बघत नसे, तिथं कुणी फिरकतच नाही. अधिक महिन्यात एक साखरपुडा, आषाढात दोन, सगळे कुलकर्णी-देशपांडे, सगळे पेन्सिलनं, आणि नारळ एकाचाही नाही. एकाच मुलीचा साखरपुडा चार वेळा करणारी पार्टी मी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

तरी माझी गाडी पुढे जाईना. घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालू होता आणि पानं कमी पडली, म्हणून मी कार्यालयाच्या परसातल्या केळीची पानं कापायला गेले. मुकुंद गॅसच्या टाक्या बघायला गेला आहे अशी माझी समजूत. फाटक ओढून घेतलेलं. वधूपक्षाच्या खोलीचं दार आतून लावलेलं, आणि उंबऱ्याबाहेर बुटांचे दोन जोड. दोन्ही चालायला जायचे, एक त्याचा आणि एक बाईचा. एकमेकांना खेटून, टाचा भिंतीकडे करून लावलेले. घरी हा माणूस बूट भिरकावून यायचा. ते नीट लावलेले बूट बघून मला जे कळलं ते आणखी कशानं कळलं नसतं.

वर्षभर तो पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जात होता. बावन्नाव्या वर्षी माणूस सुधारला, साखर आटोक्यात आली, म्हणून मी मनात पेढे वाटले होते. चालणाऱ्यांत चारुशीला म्हणून एक बाई होती, बदली होऊन साताऱ्यात आलेली, नवरा गेलेला. दोनदा आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेली होती. तिनं मला वहिनी कधी म्हटलं नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं.

मी पानं कापून घरी आले. तासाभरानं मुकुंद आला, आंघोळ केली, वडिलांचं पान घेऊन गच्चीवर गेला. कावळा शिवेना. अर्धा तास तो हात जोडून उभा, उन्हात घाम पुसत. मी खाली जिन्यात उभी राहून बघत होते. मला सासऱ्यांची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवसापासून मी माझं अंथरूण गार्गीच्या खोलीत घातलं. गार्गी आमची एकुलती मुलगी, पुण्यात नोकरीला. तिचं लग्न सव्वीस डिसेंबरला आमच्याच कार्यालयात ठरलेलं, शाई फिरलेलं. पाठ दुखते, मला कडक गादी लागते, असं मी मुकुंदला सांगितलं. त्यानं लगेच मानलं. हा माणूस आपणहून काही विचारणार नाही, हे तेव्हाच मी समजायला हवं होतं.

त्याच आठवड्यात वकील निकमबाईंकडे जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "घटस्फोटाचा अर्ज मी करून ठेवते. तारीख तुम्ही सांगा. कधी दाखल करायचा?"

"बघते."

"बघा. पण फार बघू नका. कळल्यावर बाई किती दिवस गप्प राहिली ते समोरचा वकील मोजतो. आणि मोजून म्हणतो, यांनी चालवून घेतलं."

"चालवून घेतलं म्हणजे?"

"म्हणजे माफ केलं. कायद्यात शब्द वेगळा आहे, पण कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे हेच म्हणतात."

चालवून घेणं मला काही नवं नव्हतं. भाताला कणी राहिली, चालवून घ्या. पाणी अर्धा तास उशिरा येईल, चालवून घ्या. उभं आयुष्य मी हात जोडून लोकांना तेच सांगत आले होते. घरी येऊन मी डायरी उघडली, पंचवीस ऑक्टोबरच्या पानावर पेन्सिलनं कुलकर्णी-देशपांडे लिहिलं, आणि मुकुंदच्या नजरेला पडेल अशी ती टेबलावर ठेवली.

म्हणजे मला कळलंय हे त्याला कळलं. आणि त्याला ते विचारता येईना, कारण विचारायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. एवढी गंमत मी त्या दिवसांत दुसरी पाहिली नाही, आणि एवढी जिवाची उलघालही नाही.

दोन दिवसांनी चहाच्या वेळी तो म्हणाला, "त्या पार्टीला थोडं पुढे नाही का सरकता येणार?"

"कुठल्या?"

"ती गं. पंचवीसवाली."

"का? पंचवीसला काय अडचण आहे?"

"दिवाळी तोंडावर आली. गार्गी येईल, तिच्या सासरची येतील फराळाला. अशात ते कार्य बरं दिसत नाही."

"पार्टीला विचारते," मी म्हटलं.

खोडरबर घेऊन मी नाव खोडलं आणि पंधरा नोव्हेंबरच्या पानावर लिहिलं. दिवाळी झाली. गार्गी आली, तिच्या होणाऱ्या सासूबाई आल्या, मुकुंदनं त्यांना आग्रह करकरून चिरोटे वाढले. बारा तारखेला तो पुन्हा डायरीशी आला.

"शैला, मला वाटतं, त्या लोकांनी एकदम लग्नसराईनंतरच करावं. सव्वीस डिसेंबर एकदा पार पडू दे. मग कुणाची ना नाही."

"तुमची पण नाही?"

"मी कोण ना म्हणणारा? कार्यालय तुझं आहे."

हे सगळं तो दाराच्या चौकटीला टेकून, अगदी समजूतदारपणे बोलत होता. मी तीन जानेवारीला नाव हलवलं. निकमबाईंना फोन करून जानेवारी म्हटलं तेव्हा त्या फक्त बरं म्हणाल्या.

मुकुंदनं गडावर जाणं बंद केलं होतं. दोन वर्षं गळणारा मोरीतला नळ त्यानं आपणहून दुरुस्त केला. माझ्यासाठी कडक गादी आणली. मी दिवसभर घरातून कार्यालयात आणि कार्यालयातून घरात करत होते. रुखवताची यादी करायला बसले की उठावंसं वाटे, उठलं की कशाला उठलो ते आठवत नसे. तानूबाई एकदा म्हणाली, "वैनी, तुमच्या पायाला भिंगरी लागलीया. बसा की जरा." मी बसले, आणि बसल्या बसल्या तीन जानेवारीचं पान काढून बघितलं.

अठ्ठावीस नोव्हेंबर, रविवार. गार्गीच्या लग्नाची पहिली अक्षत देवाला द्यायची म्हणून घरी गणपतीची पूजा ठेवली होती. घरचीच मंडळी, आणि वीस वर्षं आमच्याकडे येणारे खरेगुरुजी. मी आणि मुकुंद शेजारी पाटावर. सात आठवड्यांत इतक्या जवळ आम्ही पहिल्यांदाच बसत होतो. त्याच्या सोवळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि मला सारखी घड्याळाकडे बघायची इच्छा होत होती. समोर गार्गी मोबाईलवर फोटो काढत उभी.

मुकुंदनं पळीनं पाणी सोडलं. गुरुजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

पूजा दोघांची असते, म्हणून करतो तो नवरा आणि बायकोनं आपला उजवा हात त्याच्या हाताला लावायचा. शेकडो नवरा-बायकोंना मी हे करताना पाहिलं होतं. माझा हात मांडीवर होता. निकमबाईंचं 'चालवून घेतलं' माझ्या कानात वाजत होतं आणि हात काही केल्या उचलेना.

"वहिनी?" गुरुजींनी पोथीतून वर बघितलं.

तेव्हा मुकुंदनं आपल्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं, माझा हात उचलून आपल्या उजव्या हातावर ठेवला आणि वरून हलकेच थोपटला. गुरुजी पुढचा मंत्र म्हणू लागले. गणपतीकडे बघत, ओठ न हलवल्यासारखं करून मुकुंद म्हणाला, "बघ, जमतं की नाही? आता त्या पार्टीला नाही म्हणून कळवून टाक."

मला संताप आला. बूट बघून आला नव्हता इतका आला. पूजा चालू होती म्हणून मी तिथं बसून राहिले, मंत्र संपेपर्यंत.

दुपारी जेवणं झाल्यावर मुकुंद वामकुक्षीला गेला आणि गार्गी स्वयंपाकघरात आली. तिनं ओट्यावर मोबाईल ठेवला. "आई, हा फोटो बघ."

फोटोत सगळे गणपतीकडे बघत होते. मुकुंदच्या हातावर माझा हात होता, पण मूठ वळलेला. नखं तळव्यात रुतलेली. मला कळलंही नव्हतं.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. बोटं आखडतात हल्ली."

"मी सकाळी कार्यालयात गेले होते. मला माझी तारीख शाईत बघायची होती. पुढची पानं उलटली तर तीन जानेवारी, कुलकर्णी-देशपांडे. दुसऱ्या दिवशी अमावस्या, पुढे पौष. कोण कार्य करतं गं तेव्हा?" शेवटी ती कार्यालयात वाढलेली मुलगी. "मग मी मागे बघत गेले. दोन ठिकाणी खोडलंय. आणि त्याच्या मागे बाबांच्या अक्षरात, सर्वपित्रीला साखरपुडा."

मी तिला सांगितलं. तीन-चार वाक्यांत झालं, बूट वगळून. ती ओट्याला टेकून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं पुसलं आणि एकदम रागावूनच विचारलं, "मग तू थांबलीस कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मला विचारलंस?"

मी ओट्यावरचं फडकं उचललं.

"सगळे माझ्या लग्नासाठी थांबलेत आणि मलाच ठाऊक नाही. मी अंतरपाटापाशी उभी राहून तुमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसू, खरे हसताहेत का खोटे म्हणून? माझी तारीख मधे घालू नकोस, आई."

"तुझ्या सासरी काय वाटेल?"

"निनादला मी आज सांगते. हे ऐकून त्यांना लग्न मोडावंसं वाटलं, तर आत्ता कळलेलं बरं." लग्न ठरल्या दिवशीच झालं, हे मी आधीच सांगून टाकते. पण त्या दुपारी ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"आणि कन्यादान?" मी विचारलं. "तिथं पुन्हा हात लावायचा असतो."

"मामा-मामी करतील."

"लोक विचारतील की आई-बाप असताना मामा कशाला."

"तुझं कार्यालय आहे. पंगतीत मीठ वाढायचं राहिलं तर कोण बघणार? सांगायचं, आई कामात आहे."

मला हसू फुटलं, मग तिलाही. हसता हसता मी रडायला लागले, आणि तेव्हा मला जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, "गार्गी, मी तुझ्यासाठी थांबले नव्हते गं. मला वाटलं होतं, ती नावं बघून ते एकदा तरी म्हणतील, शैला, अशी पार्टी नाही, मी खोटं लिहिलं. तेवढं म्हणाले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. म्हणून पेन्सिलनं लिहिलं होतं."

"आणि ते काय म्हणाले?"

"पुढची तारीख द्या म्हणाले."

सोमवारी सकाळी मुकुंद शीळ घालत दाढी करत होता. मी साडेनऊलाच घराबाहेर पडले. निकमबाईंना फोनवर सांगितलं, आज. त्या म्हणाल्या, "आज म्हणजे आजच?" मी म्हटलं, हो, नाहीतर मी पुन्हा खोडेन. कोर्टात बाकावर बसून राहिले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. शेजारी एक म्हातारा जमिनीच्या दाव्याला आला होता. त्यानं विचारलं, "किती वर्सं चाललंय तुमचं?" मी म्हटलं, आजच सुरू झालं. बाराच्या सुमाराला अर्जावर शिक्का पडला. त्या आवाजानंतर, कितीतरी दिवसांनी, मला भूक लागली.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून एक नारळ घेतला. कानाशी हलवून बघितला, पाणी भरपूर होतं.

मुकुंद ऑफिसात टेबलाशी बसून गार्गीच्या लग्नाच्या पंगती लावत होता, कुणाच्या शेजारी कोण. मी नारळ त्याच्यासमोर ठेवला.

"कुणाचा?" वर न बघता त्यानं विचारलं.

"कुलकर्णी-देशपांडे पार्टीचा."

त्याचा हात थांबला. "तीन जानेवारी ना?"

"नाही, आजच. अर्ज देऊन आले मी. डायरीत शाईनं लिहून टाका."

"मी?"

"तुमच्या अक्षरात सुरू झालंय. तुमच्याच अक्षरात पक्कं होऊ दे."

"शैला, गार्गीचं लग्न चार आठवड्यांवर आलंय."

"तिला माहीत आहे. ती म्हणाली, माझी तारीख मधे घालू नका."

त्यानं हातातला पंगतीचा कागद बाजूला ठेवला. मला वाटलं, आता उठून जाईल, किंवा ओरडेल. पण तीस वर्षांची सवय असते. नारळ समोर आला की डायरी उघडायची. त्यानं एकोणतीस नोव्हेंबरचं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं आणि सरावानं लिहून गेला, कुलकर्णी-देशपांडे. त्यापुढे कार्याचा रकाना. तिथं पेन थांबलं.

"इथं काय लिहू?" त्यानं विचारलं.

"खरं ते लिहा."

पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यानं पेन उचललं. मग कुलकर्णी-देशपांडे या नावांवर एक सरळ रेघ ओढली आणि वर लिहिलं, मुकुंद उंब्रजकर, शैला उंब्रजकर. अक्षर त्याचं सुरेख होतं. आमच्या लग्नाच्या पत्रिकांवर सगळे पत्ते त्यानंच घातले होते. ती दोन नावं त्या अक्षरात शेजारी-शेजारी मी पुन्हा एकदा वाचली.

कार्याचा रकाना त्यानं कोराच ठेवला आणि डायरी माझ्याकडे सरकवली. तेवढं मी लिहिलं.

मग त्यानं नारळ उचलला आणि उठून देवाच्या कोनाड्याकडे वळला.

"तिथं नको," मी म्हटलं.

"मग कुठं?"

"तुमच्याकडेच असू दे."

तो नारळ हातात घेऊन उभा राहिला. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि मी त्याचा चेहरा बघितला नाही, टेबलावरचे पंगतीचे कागद गोळा करत राहिले. त्याची पावलं हॉलमधून लांब जाताना ऐकू आली, तेव्हा मी दारापर्यंत गेले.

बाहेर तानूबाई पायऱ्या धूत होती. तीस वर्षं ती मुकुंदला मालक म्हणत आली होती. तिनं त्याच्या हाताकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि बादली बाजूला सारली.

"पायरी वली हाय, दादा," ती म्हणाली. "बेतानं उतरा."